उगवावेत म्हणून शिजवलेले गहू

माझ्या बायकोचं एक जुनं मत आहे. या माणसाच्या हातात दोन गोष्टी पडू देऊ नयेत, एक स्क्रूड्रायव्हर आणि दुसरा अर्धवट वाचलेला लेख. स्क्रूड्रायव्हरने मी आजवर घरातल्याच वस्तूंची वाट लावली. ते नुकसान चार भिंतींच्या आत राहिलं. लेखाने मात्र मला बोरी अरबच्या पुढच्या एका बंजारा तांड्यावर नेऊन उभं केलं. तिथे जे झालं ते आठवलं की आजही अंघोळ करताना मध्येच माझ्या तोंडून "अरेरे" असं निघून जातं. बायको बाहेरून विचारते, "पाणी गार आहे का?" मी हो म्हणतो.

दारव्ह्याच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो. आमचं घराणं यवतमाळचं, कचेरीतलं. आजोबा कारकून, वडील हेडक्लार्क, मी प्राध्यापक. मातीशी आमचा संबंध काय तो तुळशीच्या कुंडीपुरता, आणि ती कुंडीही आई गेल्यावर वाळली.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर यायचं, आणि टीव्हीवर नाव आलं की मागोमाग गाड्या यायच्या. प्रत्येक गाडीतून एकेक उपाय उतरायचा. कोणी शेणाचा उपाय आणायचा, कोणी मंत्राचा, कोणी परदेशातल्या गवताचा. स्टाफरूममध्ये निम्मे लोक शेतकऱ्यांची मुलं. डबे उघडले की भाजीच्या आधी कपाशीचं निघायचं. उभं झाड दुपारी मान टाकतं, उपटून पाहावं तर मूळ काळं पडलेलं. हे सगळं ऐकताना मला फार चुकल्यासारखं वाटायचं. सगळ्यांकडे दुःख आहे, बाहेरून येणाऱ्यांकडे उपाय आहेत, आणि आपल्याकडे नुसती डब्यातली पोळी. आपल्याकडेही एखादा उपाय असावा, अशी मला हाव सुटली. हाव हाच शब्द बरोबर आहे. तेव्हा मी त्याला कळकळ म्हणायचो.

मायक्रोवेव्ह माझ्या मेहुण्याने नागपूरहून आणून दिला होता. दारव्ह्यात तेव्हा ही वस्तू फारशी कोणाकडे नव्हती. बायकोने त्यावर क्रोशाचं झाकण घातलं, वर फुलदाणी ठेवली आणि त्यात ती दूध गरम करायची. पण लोडशेडिंग इतकं, की मशीन चालण्यापेक्षा बंदच जास्त असायचं. मग मुंग्या लागू नयेत म्हणून आम्ही त्यात बिस्किटं ठेवायला लागलो. पाहुणे आले की आधी बिस्किटं बाहेर काढायची आणि मग मशीन दाखवायचं.

अशात कॉलेजच्या ग्रंथालयात एका शेतीच्या मासिकात मी तो लेख वाचला. पेरणीआधी बियाण्याला या सूक्ष्म लहरींची थोडकी ऊब द्यावी, सालीवरची बुरशी मरते, मूळकुजीचा जोर कमी होतो, रोप जोमानं वाढतं. "जोमानं" या शब्दापर्यंत मी आलो आणि तासाची घंटा झाली. लेख पुढच्या पानावर चालू होता. मी मासिक ठेवलं आणि उठलो. पुढच्या पानावर काय होतं ते मला फार नंतर कळलं, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. तिथे सावधगिरी होती.

त्याच आठवड्यात मी घरी प्रयोग केला. चहाच्या कान तुटलेल्या कपांत माती भरली. निम्म्या कपांत साधी तूर पेरली, निम्म्यांत मशीनमधून काही क्षण फिरवून काढलेली. खिडकीत रांग लावली. आणि काय सांगू! मशीनची तूर तरारून वर आली, आणि साध्या तुरीची रोपं आडवी झाली. उपटून पाहिलं तर मुळं काळी. मी ते कप उचलून स्टाफरूममध्ये नेले. देव्हाऱ्यातल्या मूर्ती नेतात तसे, ताटात ठेवून.

पुढे कधीतरी बायकोने सहज सांगितलं, की भिंतीकडच्या कपांत ती रोज उरलेला चहा ओतायची. "खत होते म्हणे ना चहाचं." भिंतीकडचे कप म्हणजे साध्या तुरीचे. त्या बिचाऱ्या रोपांनी साखर, दूध आणि आलं घातलेला चहा पचवायचा प्रयत्न केला आणि जीव सोडला. माझ्या विज्ञानाचा पाया हा असा होता. पण हे नंतर कळलं. तोवर मी बोलून बसलो होतो.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी इतिहासाचे सर बसायचे. तांड्यावरचे पहिले प्राध्यापक. आमचा डबा एकत्र असायचा. त्यांच्याकडची ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मी खायचो, माझी पोळी ते दयेपोटी खायचे. कप पाहून ते म्हणाले, "सर, आमच्याकडे याड लागलेल्या माणसाले धूर देतात. तुमी बियाण्याले देऊन राह्यले."

"हे विज्ञान आहे."

"थे बी विज्ञानच म्हणते."

पण घरी जाऊन त्यांनी ही गोष्ट सांगितली असणार. कारण श्रावण लागायच्या सुमाराला त्यांची धाकटी बहीण मला प्रयोगशाळेच्या दारात गाठायला आली. ती आमच्याच कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. चुणचुणीत, तोंडाने तिखट. वर्गात प्रश्न विचारायची तर शिकवणाऱ्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागायचा.

"सर, भिया सांगत होता तुमच्याकडे मशीन हाय म्हणून. मुळं सडत नाई म्हणे त्याच्यानं."

"अगदी बरोबर."

"आमची तीज हाय."

तीज मला ऐकून माहीत होती, पाहिली नव्हती. तिने दारात उभ्या उभ्या सांगितली. श्रावणात तांड्यावरच्या लग्न न झालेल्या मुली वेताच्या टोपल्यांत माती आणि लेंडीखत भरून गहू पेरतात. टोपल्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या अंगणात मांडवावर ठेवतात. मग सगळ्या मिळून गात गात विहिरीवरून पाणी आणतात आणि घालतात. नऊ दिवसांनी हिरवे-पिवळे कोंब वीतभर उंच होतात. शेवटच्या दिवशी भाऊ येऊन ते खुडतात, बहिणी भावांच्या टोपीत खोवतात, गळ्यात पडून रडतात आणि उरलेली तीज ओढ्याला सोडतात. जिची टोपली भरगच्च, तिचं घर भरगच्च. लग्न झालं की पुन्हा पेरता येत नाही.

"माझं दिवाळीनंतर हाय लग्न," ती म्हणाली. "उमरखेडकडचे हायेत. म्हणून ही शेवटची. अन मागच्या साली माझी टोपली सडली सर. वरून कोंब आले, मग पिवळे पडले, अन मुळं काळी. पोट्ट्याईनं माझ्यावर गाणं केलं. अजून म्हणतात."

"यंदा सडणार नाही," मी म्हणालो. मला विचारायचंही सुचलं नाही, की टोपलीला खालून भोक होतं का, पाणी साचत होतं का. उपाय हातात असला की माणूस दुखणं विचारत नाही.

"पण तुमी गहू कधी घातले का त्याच्यात? भिया म्हणे तूर घातली."

"बी ते बी."

"तूर अन गहू एक हाय का सर?"

"विज्ञानाच्या दृष्टीनं एकच," मी म्हणालो. आणि तिने, मास्तरचा मान म्हणून, पुढे काही विचारलं नाही.

पेरणीच्या दिवशी सकाळी इतिहासाचे सर मोटारसायकलवर माझ्या दारात आले. हातात ओल्या फडक्याचं गाठोडं. तीजेचे गहू आदल्या दिवसापासून भिजत घालतात. तशी रीतच आहे. ते टम्म फुगलेले गहू फडक्यातून ठिबकत होते. माझी तूर कोरडी होती. हे गहू पाणी पिऊन बसलेले होते. आणि मी, जो दर वर्षी फळ्यावर पाण्याच्या रेणूचं चित्र काढून पोरांना सांगायचो की बाबांनो, या लहरी तापवतात ते मुख्यतः पाण्याला, त्या मी ते गाठोडं हातात घेतलं, त्याचं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं, आणि मी म्हणालो, "वा, छान फुगलेत."

लाइट जायची वेळ झाली होती. व्होल्टेज इतकं कमी, की बल्ब पिवळा पडला होता. मी घाईने बिस्किटं बाहेर काढली, गहू काचेच्या भांड्यात ओतले आणि मशीन लावलं. व्होल्टेज कमी आहे तेव्हा वेळ थोडा वाढवावा, असा हिशेब मी केला. थोडा वाढवला. मग हात लावून पाहिलं, फारसं काही वाटलं नाही, म्हणून आणखी एकदा लावलं. भांड्यावर वाफ धरली. घरभर एक मऊ, गोडसर वास पसरला.

बायको आतून म्हणाली, "अहो, घुगऱ्या टाकल्या का? मीठ घाला मग थोडं."

इतिहासाचे सर माझ्याकडे पाहत होते. माझ्या कानावर आलेलं वाक्य त्यांच्याही कानावर आलं होतं. घुगऱ्या म्हणजे शिजवलेले गहू, हे यवतमाळ जिल्ह्यात कोणालाही सांगावं लागत नाही. मी हसलो. "बुरशीचा वास आहे तो. जळून जाते ना."

तेवढ्यात लाइट गेले. मशीनने एक उसासा टाकला आणि थांबलं.

गाठोडं पुन्हा हातात घेताना ते म्हणाले, "गरम लागून राह्यले सर."

"ऊर्जा आहे ती," मी म्हणालो.

आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी बऱ्याच गोष्टी बोललो आहे, पण या तीन शब्दांइतकं मूर्ख काही बोललो असेन असं वाटत नाही. ते गेल्यावर मी भांड्याच्या तळाला राहिलेले दोन-चार दाणे तोंडात टाकले. छान शिजले होते. दाताखाली मऊ लागले. आणि तरीही मी स्वतःला सांगितलं, की वरून मऊ आहेत, आतला कोंब शाबूत असेल. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार सामान मिळतं, तेच मला नडलं.

पुढचे दोन-तीन दिवस मी स्टाफरूममध्ये जरा ताठच होतो. "काय म्हणते तीज?" मी विचारायचो. इतिहासाचे सर भाकरी मोडत म्हणायचे, "येईल." मग म्हणायचे, "बाकीच्याईची आली." मग काहीच म्हणेनात. डब्यातली अंबाडी माझ्याकडे सरकवायचे, पण मान वर करायचे नाहीत. एके दिवशी मीच म्हणालो, "चला, आज संध्याकाळी येतो तुमच्याकडे. पाहू काय आहे ते."

ते थांबले. "सर, नका येऊ."

"का?"

"घरी जरा गडबड हाय."

मला वाटलं, लग्नघर आहे, पाहुणे असतील. मी हट्टाने त्यांच्या मोटारसायकलच्या मागे बसलो. बोरी अरब मागे पडलं, डांबरी रस्ता संपला, दोन्हीकडे गुडघ्याएवढी कपाशी.  तांडा दिसायला लागल्यावर सर गाडी हळू करून म्हणाले, "तिथं काही बोलू नका. चहा घ्या, अन निघू."

नायकाच्या अंगणात निंबाखाली मांडव होता. त्यावर टोपल्यांची रांग. अशी सुंदर गोष्ट मी आधी पाहिली नव्हती; टोपल्याटोपल्यांतून पिवळसर हिरवे कोंब दाट उठलेले, वाऱ्याने सगळे एका बाजूला कलणारे. मुली नुकत्याच पाणी घालून उभ्या होत्या, डोक्यावर रिकाम्या घागरी. पण गाणं बंद होतं. सगळ्यांचं लक्ष मांडवाच्या टोकाला होतं. तिथे एक टोपली काळीभोर, उजाड, मध्येमध्ये पांढरी बुरशी. ज्या बुरशीला जाळायला मी निघालो होतो, तिला मी चांगलं जेवण वाढून ठेवलं होतं.

टोपलीपाशी सरांची काकी उभी होती. थोराड बाई, हातभर पांढऱ्या बांगड्या, आवाज असा की बोरी अरबच्या बाजारात ऐकू जावा. तिने मातीतून एक दाणा उकरून काढला होता आणि चिमटीत दाबला होता. दाण्याचं पीठ झालं होतं.

"हे पाय. हा दाना सडेल नाई. शिजेल हाय. कोनं तरी गरम पानी टाकलं यात." आणि ती वळली ती एका किडकिडीत मुलीकडे. ती मुलगी आमच्या बी. ए.वालीची जिवाभावाची मैत्रीण. पुढे कळलं की मधे बी. ए.वालीला ताप आला होता, तेव्हा तिच्या टोपलीला पाणी ही मैत्रीणच घालत होती. "तूच घालत होती ना पानी? खरं सांग. कायले जळते तू तिच्यावर? तिचं जमलं अन तुझं नाई जमलं म्हणून?"

"काकी, आईची आन. म्या विहिरीचंच घातलं."

"विहिरीचं पानी दाना शिजवते का व?"

कोणीतरी मागून म्हणालं, "तोडाच्या दिवशी उमरखेडचे येतील तीज पाह्याले. त्याईले काय हे दाखवाचं?" दुसरी म्हणाली, "टोपली उजाड दिसली त काय म्हनतील. पोरीच्याच पायगुणाचं म्हनतील." तशी ती मैत्रीण ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

आणि आमची बी. ए.वाली? ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. तिला माहीत होतं. तिच्या भावाला माहीत होतं. गहू तांड्याबाहेर नेले होते ही गोष्ट त्या दोघांनी कोणाला सांगितली नव्हती, कारण तीजेचं बी असं कोणाच्या घरी फिरवून आणणं रीतीत बसत नाही. आणि आता सांगायचं तर दारात आलेल्या पाहुण्याचं, वर मास्तरचं, नाव घ्यावं लागणार. ती ते घेणार नव्हती. ती नुसती पाहत होती, मी घेतो का ते.

एवढ्यात माझ्या हातात चहा आला.

इथून पुढचं मला कोणाला सांगायला आवडत नाही. मी तो चहा प्यायलो. समोर एक मुलगी आईच्या शपथा घेऊन रडत होती, आणि मी बशीत चहा ओतून, फुंकर मारून, प्यायलो. फार गरम होता म्हणून हळू प्यायलो. मनात मी सगळं जुळवत होतो: आपण पाहुणे आहोत, सरांनी बोलू नका म्हटलंय, हा त्यांच्या घरचा मामला आहे, उद्या शांतपणे सरांना सांगू, ते काकीला समजावतील. कॉलेजात माझ्याबद्दल काय बोलतील हेही त्यातच होतं, आणि खरं तर तेच सगळ्यात वर होतं. बशीच्या तळाशी चहाचा गाळ दिसेपर्यंत मी गप्प होतो. दुसरा चहा हवा का, असं कोणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

कोणी विचारलं नाही. काकीने त्या मुलीचा दंड धरला. "चाल तुझ्या मायजवळ."

"काकी, थांबा," मी म्हणालो.

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. इतिहासाचे सर जमिनीकडे पाहायला लागले. मी घसा साफ केला आणि, देवा, व्याख्यान सुरू केलं. "त्याचं असं आहे, की सूक्ष्म लहरी जेव्हा आर्द्र पदार्थातून जातात, तेव्हा पाण्याच्या रेणूंमध्ये..." काकी आळीपाळीने माझ्याकडे आणि पुतण्याकडे बघत होती. "हे काय म्हनून राह्यले?" तिने त्यांना विचारलं.  मी रेणूंमध्येच अडकलो. पुढचं वाक्य आठवेना. तेव्हा खांबाला टेकलेली ती पोरगी पहिल्यांदा बोलली.

"सर, मराठीत सांगा."

"काकी," मी म्हणालो, "ते गहू मी शिजवले."

"तुमी?"

"हो. माझ्या घरी. मशीनमध्ये."

"कायले?"

मी खरं तेच सांगितलं. दुसरं काही शिल्लकच नव्हतं. "उगवावेत म्हणून."

 मग घागरी घेतलेल्या मुलींमधून एक बारीक आवाज फुटला, आणि पाहता पाहता सगळं अंगण हसायला लागलं. म्हातारे हसले, निंबाखाली विड्या ओढणारे हसले, लेकुरवाळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रडणारी ती मैत्रीण नाक पुसत पुसत हसली. "उगवाले पायजे म्हनून शिजवले!" एकाने दुसऱ्याला सांगितलं, त्याने तिसऱ्याला. काकी मात्र हसली नाही. तिने मुलीचा दंड सोडला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि माझ्याकडे येऊन अगदी मायेने विचारलं, "सर, तुमच्या घरी सयपाक कोन करते?"

"बायको."

"मंग ठीक हाय."

मला वाटलं सुटलो. पण टोपली होती तिथेच होती, काळी, आणि दिवस थोडे उरले होते. पोरीने खांब सोडला. कोणाला विचारलं नाही. टोपली मांडवावरून उतरवली, माती अंगणाच्या कडेला उपडी केली, टोपलीच्या तळाला खिळ्याने भोकं पाडली, घरातून मूठभर कोरडे गहू आणले आणि नवी माती भरून पेरले. मैत्रिणीने पाणी आणलं. काही म्हाताऱ्या म्हणाल्या, सगळ्यांच्या सोबत पेरली ती तीज, मागून पेरली ती नुसते गहू. नायकाने बराच वेळ दाढी खाजवली आणि म्हणाला, "पेरली त तिनं सोबतच होती. शिजवली दुसऱ्यानं. राहू द्या."

परतताना मोटारसायकलवर मी म्हणालो, "सर, मला फार वाईट वाटतं."

"वाटाले पायजे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी बी गप्पच बसलो होतो ना." 

तीज तोडायच्या दिवशी मला बोलावणं होतं. जाऊ नये असं फार वाटलं. पण न जाणं म्हणजे पुन्हा बशीत चहा ओतून पीत बसणं होतं. सगळे भाऊ टोपी घालतात म्हणून मीही बाजारातून एक पांढरी टोपी घेतली. आरशात मी एखाद्या पडलेल्या उमेदवारासारखा दिसत होतो. बायको म्हणाली, "काही हात लावू नका तिथे."

उमरखेडची माणसं आधीच येऊन बसली होती. माझी गोष्ट त्यांच्याही आधी पोचली होती. त्यांच्यातल्या एका आजीने मला बोटाने दाखवून विचारलं, "हेच का थे गहू शिजवनारे?" कोणीतरी हो म्हणालं. आजी नवऱ्या मुलीकडे वळून म्हणाली, "भेव नको धरू व माय. आमच्याकडं चूल हाय, मशीन नाई." पुन्हा हशा. मीही हसलो. हसताना कानाच्या पाळ्या तापतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग तोडणं सुरू झालं आणि हशा एकदम बंद झाला. एकेक भाऊ येऊन बहिणीच्या टोपलीतून कोंब खुडत होता आणि ती त्याच्या गळ्यात पडून असं सूर लावून रडत होती की पुरुषांनाही नाक ओढावं लागत होतं. बाकीच्यांचे कोंब टोपीवर तुऱ्यासारखे डुलत होते. इतिहासाच्या सरांची पाळी आली. त्यांच्या बहिणीचे कोंब जेमतेम बोटभर. तिने ते टोपीच्या घडीत खोवले, ते आतच पडले. तिने पुन्हा काढले, पुन्हा खोवले, पुन्हा आत गेले. तेव्हा तिने एक हात टोपीवर तसाच दाबून धरला आणि भावाच्या छातीवर डोकं ठेवलं. शेवटची तीज. माझ्यामुळे ती टोपीवर दिसतसुद्धा नव्हती. 

सगळे झाल्यावर ती माझ्यासमोर आली. मी टोपी सारखी केली, मान खाली घातली. कोंब मिळेल अशी मला आशा होती, हे कबूल करायला हवं. मिळाला असता तर सुटल्यासारखं वाटलं असतं. तिची ओंजळ रिकामी होती. ती वाकली आणि माझ्या पाया पडली, मास्तरच्या पडतात तशी. मी काहीतरी आशीर्वाद द्यायला गेलो. घर भरलेलं राहो म्हणावं तर जीभ उचलेना. "नीट जा," एवढंच म्हणालो.

मुली टोपल्या घेऊन ओढ्याकडे निघाल्या. तिची टोपली माझ्या समोरून जाताना तळाच्या भोकांतून मुळं लोंबत होती. मी सवयीने वाकून पाहिलं. पांढरीशुभ्र, केसांसारखी बारीक, कुठे काळा ठिपका नाही.

"काय पाहून राह्यले सर?"

"मुळं," मी म्हणालो. "चांगली आहेत."

"पाहा," ती म्हणाली. डोळे अजून ओलेच होते. "हात नका लावू फक्त."

मी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि सगळ्यांच्या शेवटी, ओढ्यापर्यंत तसाच चालत गेलो.